‘हो’ एका रकान्यात, ‘नाही’ दुसऱ्या: गळतीचा वाद चार मूल्यांत कसा मांडावा

मी दिवसा डेटाबेस सांभाळते आणि उरलेल्या वेळात सोसायटी. दुसरं काम बिनपगारी, आणि तिथला डेटा जास्त वाईट. ऑफिसातल्या टेबलातली चुकीची नोंद निदान गप्प बसते; सोसायटीतली नोंद रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर व्हॉइस मेसेज टाकते.

गळती कशी थांबवावी हे बांधकामाच्या अंगाने सांगणारे पुष्कळ आहेत. मी तर्काच्या अंगाने सांगणार आहे. एकमेकांना छेद देणारी माहिती हातात असताना ती लिहायची कशी, तिच्यावरून पुढे काय म्हणता येतं आणि कुठल्या निर्णयाला किती खात्री पुरे, एवढाच विषय. सामान म्हणाल तर एक गूगल शीट आणि एक पेन्सिल.

उदाहरण नेहमीचंच घेते. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणतात, वरच्यांचं बाथरूम गळतंय. चौथ्या मजल्यावरचे काका म्हणतात, शक्यच नाही. वहिनींचा प्लंबर छताकडे एकदा मान वर करून सांगतो, "वरूनच आहे मॅडम." काकांचा प्लंबर त्यांच्या फरशीवर उकिडवा बसतो, नहाणी ट्रॅपमध्ये बोट फिरवतो आणि सांगतो, "इथून थेंब जात नाही." कमिटीतल्या एकांना बाहेरच्या भिंतीला तडा दिसलाय. डक्टमधला, म्हणजे पाइपांसाठी सोडलेल्या उभ्या अरुंद पोकळीतला, ड्रेनेजचा पाइप कुणीच बघितलेला नाही, कारण डक्टमध्ये उतरायची कुणाची तयारी नाही.

शाळेत शिकवलेल्या तर्कशास्त्रात विधान एक तर सत्य, नाही तर असत्य. दोन्ही बाजूंचा मान राखायचा म्हणून सभेच्या मिनिट्समध्ये, म्हणजे इतिवृत्तात, ‘काकांचं बाथरूम गळतं’ आणि ‘काकांचं बाथरूम गळत नाही’ ही दोन्ही विधानं खरी धरून लिहिली तर काय होतं बघा. पहिलं खरं, म्हणून ‘बाथरूम गळतं किंवा चेअरमन चंद्राचं भाडं खातात’ हेही खरं. ‘किंवा’ची एक बाजू खरी असली की भागतं. पण दुसरं विधान म्हणतं बाथरूम गळत नाही. मग ‘किंवा’ची उरलेली बाजू खरी असलीच पाहिजे. चेअरमन चंद्राचं भाडं खातात, सिद्ध! पायऱ्या सगळ्या नियमात बसतात. एक विसंगती आत घेतली की वाट्टेल ते सिद्ध करता येतं, आणि एजीएमला, म्हणजे वार्षिक सभेला, बसलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको. गळतीवरून सुरू झालेली चर्चा लिफ्टच्या देखभालीच्या करारावरून पाहुण्यांच्या पार्किंगपर्यंत जाते ती अशीच.

दोन रकाने

अमेरिकेतल्या पिट्सबर्ग विद्यापीठातले तर्कशास्त्रज्ञ न्युएल बेलनॅप यांनी १९७७ मध्ये यावर एक साधी वाट दाखवली. तर्कशास्त्रज्ञ मायकेल डन यांचं काम तिच्या पायाशी होतं. बेलनॅप यांच्यापुढे प्रश्न होता तो अनेक जणांकडून माहिती घेणाऱ्या संगणकाचा. माणसं परस्परविरोधी सांगणार, आणि संगणकाने तरीही शहाण्यासारखं उत्तर द्यायचं. म्हणून एका विधानाबद्दल दोन वेगळे प्रश्न विचारायचे: ‘हे खरं आहे’ असं कुणी सांगितलंय का? ‘हे खोटं आहे’ असं कुणी सांगितलंय का? दोन्ही उत्तरं स्वतंत्र. त्यामुळे चार शक्यता होतात: फक्त हो, फक्त नाही, दोन्ही, आणि काहीच नाही.

शीटमध्ये दर विधानाला एक ओळ, ‘हो’चा एक रकाना, ‘नाही’चा दुसरा. कुणी सांगितलं असेल तर १, नसेल तर ०. आपला वाद असा उतरतो:

काकांच्या बाथरूमची फरशी गळते: हो १, नाही १
बाहेरच्या भिंतीला तडा आहे: हो १, नाही ०
डक्टमधला पाइप गळतो: हो ०, नाही ०

दर आकड्यापुढे नाव लिहा, आणि त्याला ते कसं कळलं तेही. आपल्याकडच्या नैयायिकांच्या, म्हणजे न्यायदर्शनाच्या पंडितांच्या, चार प्रमाणांपैकी प्रत्यक्ष, अनुमान, शब्द ही तीन इथे मस्त चालतात. वहिनींनी ओल डोळ्यांनी पाहिली. ती वरूनच येते हे त्यांचं अनुमान. काकांचा प्लंबर वरची फरशी बघून बोलला, खालचं छत त्याने बघितलंच नाही. म्हणजे त्याचंही अनुमानच. ‘वॉचमन सांगत होता की’ हे नुसतं शब्दप्रमाण, आणि वॉचमनला विचारलं तर बहुधा त्याला तिसऱ्याच कुणी सांगितलेलं असतं.

वाक्य लिहिताना एक पथ्य पाळा. ‘काका सहकार्य करत नाहीत’ हे विधान शीटमध्ये घेऊ नका. ज्याला हो किंवा नाही म्हणण्यासाठी कुणी तरी काही तरी तपासू शकेल, तेवढंच घ्यायचं.

‘दोन्ही’ आणि ‘काहीच नाही’ यांची गल्लत

सगळ्या पद्धतीचा जीव इथे आहे, म्हणून इथे जरा थांबते.

सभेत कुणी ना कुणी म्हणतंच, "म्हणजे थोडक्यात, नक्की माहीत नाही." बाथरूमबद्दलही हेच म्हणतात, डक्टबद्दलही हेच. पण बाथरूमबद्दल माहिती गरजेपेक्षा जास्त आहे आणि डक्टबद्दल मुळीच नाही. या दोन अवस्थांवर उपाय उलटे आहेत. एसक्यूएल या डेटाबेसच्या भाषेत काम करणाऱ्यांना ही गल्लत ओळखीची वाटेल. तिथे अज्ञातासाठी ‘नल’ नावाचं एकच तिसरं मूल्य आहे, आणि तेवढ्यानेही डोकं उठतं: ‘या यादीत नसलेले द्या’ असं विचारणाऱ्या ‘नॉट इन’च्या यादीत एक नल शिरला की क्वेरी एकही ओळ परत देत नाही. विसंगतीसाठी तर तिथे जागाच नाही. दोन खात्यांनी एकाच ग्राहकाचे दोन पत्ते पाठवले की आपण निमूटपणे नंतर आलेला ठेवतो.

आमच्या कमिटीत एक इंजिनियर आहेत, ते म्हणाले, "०.५ लिहा, फझी लॉजिक वापरा." लोत्फी झादे यांनी १९६५ मध्ये मांडलेल्या फझी सेटबद्दल मला आदरच आहे; तिथे ० आणि १ यांच्या मधलं मूल्यही चालतं. पण तो ‘किती’साठी. भिंत किती ओली, हे ०.५ने सांगता येतं. दोन माणसं पूर्ण खात्रीने उलट बोलतायत हे ०.५ने सांगितलं तर भांडण पुसलं जातं आणि भिंत अर्धी ओली होते.

आता उपाय. डक्टची ओळ ‘काहीच नाही’वर आहे. तिथे माणूस पाठवा, काही तरी कळेलच: हो किंवा नाही. बाथरूमची ओळ ‘दोन्ही’वर आहे. तिथे तिसरा प्लंबर पाठवला तर तो हो म्हणेल किंवा नाही म्हणेल, आणि रकान्यांत आधीच १, १ आहे. ओळ हलणार नाही. साक्ष वाढली की ‘काहीच नाही’वरून ‘हो’ किंवा ‘नाही’वर जाता येतं, तिथून ‘दोन्ही’वर; त्याच्यापुढे रस्ताच नाही, आणि साक्षी वाढवून मागेही येता येत नाही. एवढं कळलं तरी सोसायटीचे प्लंबरच्या व्हिजिटचे पैसे वाचतात. तरी दर सभेत ठराव असतोच: ‘त्रयस्थ तज्ज्ञाचे मत घ्यावे.’ प्लंबर तीन झाले की कमिटी मतं मोजायला लागते, दोन विरुद्ध एक. पण पहिल्या दोघांना बोलावणारे कोण होते, ते मोजणीत येत नाही.

आणि, किंवा, नाही

विधानं जोडताना नियम शीटच सांभाळते. ‘आणि’साठी ‘हो’ रकान्यात मिन (लहान आकडा), ‘नाही’ रकान्यात मॅक्स (मोठा आकडा). ‘किंवा’साठी नेमकं उलटं. नकारासाठी दोन रकान्यांची अदलाबदल. म्हणून ‘दोन्ही’चा नकार ‘दोन्ही’च राहतो आणि ‘काहीच नाही’चा ‘काहीच नाही’.

‘बाथरूमही गळतं आणि डक्टचा पाइपही गळतो’ हे करून बघा. ‘हो’: १ आणि ० यांतला लहान, ०. ‘नाही’: १ आणि ० यांतला मोठा, १. उत्तर ‘फक्त नाही’. पहिल्यांदा खटकतं, कारण एक भाग वादग्रस्त आणि दुसरा अज्ञात, मग पक्का नकार आला कुठून? पण नीट बघा: दोन्ही गळतात असं म्हणणारा एकही माणूस नाही, आणि पहिला भाग नाकारणारा मात्र आहे. मूल्य साक्षीचं आहे, पाइपचं नाही. त्याच हिशेबाने ‘दोन्हींपैकी एक तरी गळतं’ याचं उत्तर ‘फक्त हो’ येतं. चेअरमनच्या चंद्राचं काय झालं विचाराल, तर ती ओळ ०, ० वरच राहते. विसंगती आपल्या ओळीत कोंडलेली राहते, शेजारच्या ओळीत उतरत नाही.

आणखी एक सावधगिरी पोलंडचे स्टॅनिस्लाव यास्कोव्स्की यांच्याकडून घ्या. १९४८ मध्ये त्यांनी चर्चेचं तर्कशास्त्र मांडलं. तिथे एका माणसाची दोन विधानं एकमेकांना जोडून निष्कर्ष काढायला हरकत नाही, पण वेगवेगळ्या माणसांची विधानं जोडून ‘सर्वांच्या मते’ असं एक वाक्य बनवता येत नाही. आमच्याकडे मिनिट्समधलं ‘सर्वानुमते’ बऱ्याचदा असंच बनलेलं असतं: अर्धं वाक्य काकांचं, अर्धं वहिनींचं, आणि पूर्ण वाक्य कुणाचंच नाही.

‘दोन्ही’ फोडणे

साक्षी वाढवून उपयोग नसेल तर प्रश्न फोडायचा. जैन तार्किकांचा सप्तभंगीनय हेच करतो. ‘आहे’, ‘नाही’, ‘आहेही आणि नाहीही’, ‘सांगता येत नाही’ आणि त्यांच्या जोडण्या मिळून सात भंग, आणि प्रत्येकाच्या आधी ‘स्यात्’: कुठल्या तरी एका अपेक्षेने. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९५४ मध्ये संख्याशास्त्राच्या पायाशी या स्याद्वादाचा संबंध जोडला, आणि पुढे १९५७ मध्ये जे. बी. एस. हाल्डेन यांनीही त्यावर लिहिलं. मला त्यातलं एकच अवजार रोज लागतं: ‘दोन्ही’ दिसलं की विचारायचं, कुठे? केव्हा? कशाच्या संदर्भात?

वहिनींना विचारलं, ओल नेमकी कुठे? बाथरूमच्या छताला एक डाग, आणि लागून असलेल्या बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीवर दुसरा. तक्रारीत दोन्ही मिळून ‘लीकेज’. केव्हा वाढते? बाथरूमची सकाळी, भिंतीची पाऊस झाला की. म्हणजे एका ओळीच्या दोन झाल्या: ‘बाथरूमच्या छतावरची ओल काकांच्या फरशीतून येते’ आणि ‘बेडरूमच्या भिंतीवरची ओल काकांच्या फरशीतून येते’.

इथे पेन्सिल. डागाच्या कडेने छतावर बारीक रेघ मारा आणि शेजारी तारीख, वेळ लिहा. पुढच्या वेळी डाग रेघेबाहेर गेला की नवी रेघ, नवी तारीख. फोटोत रंग फसवतो, रेघ फसवत नाही. मग वर पाणी भरून परीक्षा: नहाणी ट्रॅप घट्ट बंद करायचा, फरशीवर इंचभर पाणी भरायचं, दिवस-दोन दिवस तसंच ठेवायचं. काका कुरकुरतात, पण फोडाफोडी नाही म्हटल्यावर तयार होतात. कोरड्या दिवसांतच करा, म्हणजे पावसाचा दोष उरत नाही. रात्रभर बाथरूम वापरात नसतानाही ओल वाढत असेल तर संशय भिंतीतल्या कन्सिल्ड लाइनवर, कारण तिच्यात पाणी कायम दाबाखाली असतं. आत येणारा व्हॉल्व्ह रात्री बंद ठेवून तो तपासता येतो. डक्टसाठी वरून रंग घातलेलं पाणी सोडून खाली कोणी तरी टॉर्च घेऊन उभं राहिलं की काम झालं.

आमच्या उदाहरणात छतावरचा डाग रेघ ओलांडून गेला, भिंतीवरचा जागचा हलला नाही, आणि डक्टचा पाइप कोरडा निघाला. भिंतीवरचा डाग पुढच्या पावसात सरकला. मूळ ओळ अजूनही १, १च आहे, पण आता ती कुणाला लागत नाही. तिच्याऐवजी दोन सरळ ओळी आहेत.

कुठल्या निर्णयाला किती

ओळी सरळ व्हायची वाट बघत सगळंच अडवून ठेवायचं नसतं. आधी ती कामं वेगळी काढा, जी कुणाचंही म्हणणं खरं धरलं तरी करावीच लागतात. निकोलस रेशर आणि रूथ मॅनर यांनी १९७० मध्ये विसंगत माहितीसाठी हीच रीत दिली: माहितीचे आपापल्यात सुसंगत असलेले मोठ्यात मोठे गट पाडा, आणि प्रत्येक गटातून जे निघतं तेच निर्धास्त धरा. काकांचं खरं असो की वहिनींचं, ओल्या छतातल्या दिव्याची वायर बंद करायलाच हवी. सुटलेला गिलावा पाडायलाच हवा. त्यासाठी ठरावाची गरज नाही.

बाकीच्या निर्णयांना उंबरठा आधी ठरवून घ्या. ग्रॅहम प्रीस्ट यांनी १९७९ मध्ये मांडलेल्या तर्कपद्धतीत ‘दोन्ही’ हे मूल्यसुद्धा स्वीकारण्याजोगं धरतात. मी ते जिवाच्या प्रश्नाला लावते. स्लॅबचा तुकडा पडू शकतो असं एकानेही सांगितलं असेल, मग दहा जणांनी नाही म्हटलेलं असो, खालचं पार्किंग रिकामं करायचं. पैशाच्या प्रश्नाला मात्र ‘फक्त हो’ लागतं; ‘नाही’च्या रकान्यात १ आहे तोवर कुणाच्या नावावर खर्च टाकायचा नाही. दोन उंबरठे वेगळे का, हे भांडण सुरू व्हायच्या आधीच्या सभेत सांगून ठेवा. नंतर सांगितलं तर प्रत्येकाला तो आपल्याविरुद्धचा डाव वाटतो.

पैशाचं भांडण: बाण काढा

खर्चाची दिशा आदर्श उपविधींत, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमांत, आहे: पावसाच्या पाण्याची आणि बाहेरच्या सामाईक पाइपची गळती सोसायटीच्या खर्चाने, सदनिकेच्या आतली सभासदाच्या. भिंत सोसायटीकडे गेली. छताचं उरलं, आणि तिथे विधानांऐवजी युक्तिवाद एकमेकांवर चालून येतात. त्यासाठी बँकॉकच्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतले फान मिन्ह दुंग यांची १९९५ची पद्धत घ्या. दर युक्तिवादाला एक गोल, आणि जो ज्याला खोडतो त्याच्याकडे बाण.

अ: खर्च काकांनी द्यावा, गळती त्यांच्या बाथरूमची.
आ: मागच्याच वर्षी वॉटरप्रूफिंग केलंय, त्यामुळे ती गळती माझी असूच शकत नाही. (अ ला खोडतो)
इ: त्यानंतर नवा कमोड बसवताना फरशी फोडली होती. (आ ला खोडतो)
ई: वहिनींनी फॉल्स सीलिंगसाठी ड्रिल केलं, स्लॅबला तडा त्याने गेला. (अ ला खोडतो)
उ: डाग आधीच होता, तो झाकायलाच फॉल्स सीलिंग केलं. (ई ला खोडतो, ई उलट उ ला)

आता ज्याच्याकडे एकही बाण येत नाही तो स्वीकारा: इ. त्याने खोडलेला आ बाद. ई आणि उ एकमेकांना खोडतात, दोघेही अधांतरी, आणि म्हणून अ सुद्धा. पण चित्र बघा: वॉटरप्रूफिंगच्या बिलावर झालेली सगळी आरडाओरड आता निकालाच्या बाहेर आहे. सभा अडलीय ती एकाच जागी, ड्रिल आधी की डाग आधी. प्रश्न एवढा लहान झाला की उत्तरही लहानच लागतं. वहिनींच्या मुलाच्या फोनमध्ये वास्तुशांतीचा फोटो निघाला, फॉल्स सीलिंगच्या आधीचा. मागे बाथरूमचं दार उघडं आणि छताला पिवळा डाग. हा नवा गोल ई ला खोडतो, त्याला कुणी खोडत नाही. ई बाद, उ आणि अ स्वीकारलेले.

काका चिडतातच. ते सहकार न्यायालयात जायचं म्हणाले तर १९६०च्या सहकारी संस्था कायद्याच्या कलम ९१ खाली तो मार्ग त्यांना मोकळा आहे. तिथे शीट जशीच्या तशी देऊ नका. न्यायालयाला शेवटी हो किंवा नाहीच लिहायचं असतं, आपली चार मूल्यं त्याआधीच्या कामासाठी. तिथे पेन्सिलीच्या रेघांचे तारखांसह फोटो, पाणी भरल्याचा दोघांच्या सह्यांचा कागद आणि मिनिट्स द्या.

आणि मिनिट्स लिहिताना क्रियापदं जपा. ‘गळती वरून आहे’ असं लिहू नका. ‘सदनिका ३०४ यांनी सांगितले की गळती वरून आहे, सदनिका ४०४ यांनी ते नाकारले, पाणी भरून परीक्षा शनिवारी सकाळी, दोन्ही सदनिकांचे सभासद हजर राहतील’ असं लिहा. सही दोघांचीही घ्या, सभा संपायच्या आत.